विंडोज, मॅक आणि लिनक्स: घरच्या नेटवर्कवर सगळ्यांसाठी एकच फोल्डर

घरात एक विंडोज लॅपटॉप, एक मॅक, लिनक्सवर चालणारा एखादा जुना डेस्कटॉप आणि दोन-तीन फोन असले, की फाइल इकडून तिकडे न्यायला पेनड्राइव्ह शोधली जाते किंवा स्वतःलाच मेल पाठवला जातो. याची काही गरज नाही. या सगळ्या मशीनना समजणारा एक प्रोटोकॉल, म्हणजे मशीननी आपसांत बोलायची ठरलेली पद्धत आहे, एसएमबी. विंडोजमध्ये तो फार पूर्वीपासून आहे. ॲपलने २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून मॅकवर फाइल शेअरिंगची मुख्य पद्धत म्हणून तोच घेतला. लिनक्सवर हे काम सांबा करतं, आणि त्या सॉफ्टवेअरचा विकास १९९२ पासून चालू आहे. एनएफएस, एफटीपी असे पर्याय आहेत, पण एनएफएसमध्ये प्रत्येक मशीनवरचे युजर क्रमांक जुळवत बसावं लागतं, आणि साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, शिवाय फाइल जागच्या जागी उघडून बदलता येत नाही. घरात तीन प्रकारची मशीन असतील तर सरळ एसएमबी घ्या.

बहुतेक घरांत हे काम बिघडतं ते एकाच कारणाने. प्रत्येक मशीनवर थोडं थोडं शेअरिंग चालू केलेलं असतं, कुठे पासवर्ड असतो, कुठे नसतो, आणि अडलं की एकेक सुरक्षा बंद करून बघितली जाते. त्याऐवजी एक मशीन सर्व्हर ठरवा, त्यावर एक सामायिक फोल्डर ठेवा, घरातल्या प्रत्येकाला त्या मशीनवर स्वतःचं नाव आणि पासवर्ड द्या. बाकी सगळ्या मशीननी फक्त तिथे जोडायचं, त्यांच्यावर शेअरिंग चालूच करायचं नाही. एवढं पाळलं तर पुढे काही अडलं तरी कुठे बघायचं ते कळतं.

एक सूचना आधीच. खालच्या कमांड, पत्ते आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडेच वापरायचे.

सर्व्हर कोणता निवडायचा

जे मशीन सतत चालू राहू शकतं आणि केबलने राउटरला जोडता येतं, ते. लिनक्सचा डेस्कटॉप किंवा रास्पबेरी पायसारखा छोटा बोर्ड सगळ्यात सोयीचा, कारण वीज कमी खातो आणि मध्येच अपडेटसाठी स्वतःहून रीस्टार्ट होत नाही. विंडोज किंवा मॅकही चालतील. लॅपटॉप मात्र शक्यतो टाळा. झाकण मिटलं की तो झोपतो आणि दुसऱ्या खोलीतली कॉपी अर्ध्यावर तुटते.

डिस्कचा फॉरमॅट इथेच ठरवून टाका. लिनक्स सर्व्हरला ईएक्सटी४, विंडोजला एनटीएफएस, मॅकला एपीएफएस. सर्व्हरच्या डिस्कला नेटवर्कवरची मशीन थेट हात लावत नाहीत, सर्व्हरच मध्ये असतो. त्यामुळे ‘मॅकला ईएक्सटी४ वाचता येत नाही’ ही काळजी इथे लागूच नाही. एफएटी३२ नको, कारण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि मोठा व्हिडिओ शेवटाकडे येऊन अडकतो. एक्सएफएटीला ती मर्यादा नाही, पण त्यात मालकी आणि परवानग्या साठवायची सोयच नाही. अशा डिस्कवर सीएचमॉड, म्हणजे परवानग्या बदलायची लिनक्सची कमांड, कितीही चालवा, काही बदलत नाही. युजर आणि ग्रुप डिस्क माउंट करतानाच, म्हणजे सिस्टमला जोडतानाच ठरवावे लागतात.

आधी राउटर

सर्व्हरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, रोज बदलत असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन, ॲड्रेस रिझर्व्हेशन किंवा स्टॅटिक लीज अशा नावाची जागा असते. तिथे सर्व्हरचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक, ॲपलच्या मॅकशी संबंध नाही) निवडून त्याला एक पत्ता कायमचा बांधून द्या. या लेखात तो १९२.१६८.१.१० धरला आहे.

वाय-फायचं गेस्ट नेटवर्क मुद्दामच असं बनवलेलं असतं की त्यावरच्या मशीनना घरातली बाकीची मशीन दिसू नयेत. काही राउटरवर मुख्य नेटवर्कलाही एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन लावलेलं असतं. इंटरनेट व्यवस्थित चालतं, शेजारचं मशीन मात्र सापडत नाही, अशी तक्रार असेल तर पहिला संशय यावरच घ्या. दुसरा संशय दोन राउटरवर. इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरमागे स्वतःचा दुसरा राउटर लावला असेल तर घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. एका मशीनचा पत्ता १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल तर बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न बनवता पहिल्याचंच नेटवर्क पुढे देतो.

लिनक्सवर सांबा

उबंटू, डेबियन आणि रास्पबेरी पाय ओएसवर (सुडो म्हणजे कमांड ॲडमिनच्या अधिकाराने चालवणं):

सुडो ॲप्ट इन्स्टॉल सांबा

फोल्डर कुठे ठेवायचं, याला इथे फार महत्त्व आहे. पुष्कळ जण ते स्वतःच्या होम फोल्डरमध्ये बनवतात. उबंटूमध्ये २१.०४ पासून होम फोल्डरची परवानगी ७५० असते, म्हणजे दुसऱ्या युजरला त्या दारातून आतच जाता येत नाही. आतल्या फोल्डरला कितीही मोकळी परवानगी दिली तरी उपयोग होत नाही, कारण लिनक्स वाटेतल्या प्रत्येक फोल्डरची परवानगी तपासतं. म्हणून जागा /एसआरव्ही खाली:

सुडो ग्रुपॲड घरचे
सुडो एमकेडीआयआर -पी /एसआरव्ही/घर
सुडो सीएचओन रूट:घरचे /एसआरव्ही/घर
सुडो सीएचमॉड २७७५ /एसआरव्ही/घर

२७७५ मधला पुढचा २ विसरू नका. त्याला सेटजीआयडी म्हणतात. त्यामुळे या फोल्डरमध्ये कुणीही काही बनवलं तरी ते ‘घरचे’ या ग्रुपच्याच मालकीचं होतं. तो नसेल तर सर्व्हरवर थेट बसून तुम्ही बनवलेलं फोल्डर तुमच्याच ग्रुपचं होतं आणि बाकीच्यांना त्यात फाइल ठेवता येत नाही.

आता प्रत्येकासाठी खातं. या लोकांना सर्व्हरवर लॉगिन करायचं नसतं, म्हणून होम फोल्डर आणि शेल (कमांड टाइप करायची खिडकी) न देता:

सुडो युजरॲड -एम -एस /यूएसआर/एसबिन/नोलॉगिन आई
सुडो युजरमॉड -एजी घरचे आई
सुडो एसएमबीपासडब्ल्यूडी -ए आई

पहिल्या ओळीतला एम कॅपिटल आहे, छोटा नाही. छोट्या एमचा अर्थ उलटा, ‘होम फोल्डर बनव’ असा होतो. दुसऱ्या ओळीत ए छोटा आणि जी कॅपिटल. तिथला ए राहिला तर त्या युजरचे आधीचे सगळे जादा ग्रुप पुसले जातात. तुमचं स्वतःचं खातं ग्रुपमध्ये घालताना तो राहिला, तर सुडोचा अधिकारच जातो. तिसरी ओळ बहुतेक जण गाळतात आणि मग तासभर डोकं धरून बसतात. सांबा पासवर्डची स्वतःची वेगळी नोंद ठेवतं. लिनक्सचा पासवर्ड बरोबर असला तरी ही ओळ चालवल्याशिवाय सांबा कुणालाच आत घेत नाही, आणि पुढे लिनक्सचा पासवर्ड बदलला तरी सांबाचा जुनाच राहतो.

आता /ईटीसी/सांबा/एसएमबी.कॉन्फ ही फाइल उघडा. बदलण्याआधी तिची एक प्रत ठेवा. तळाशी हे लिहा:

[घर]
पाथ = /एसआरव्ही/घर
व्हॅलिड युजर्स = @घरचे
रीड ओन्ली = नो
फोर्स ग्रुप = घरचे
क्रिएट मास्क = ०६६४
डिरेक्टरी मास्क = २७७५

शेअरचं, म्हणजे नेटवर्कवर दिसणाऱ्या या फोल्डरचं, नाव छोटं, एकच शब्द, जागा न सोडता ठेवा. ‘रीड ओन्ली = नो’ लिहिलं नाही तर शेअर फक्त वाचण्यापुरतं राहतं, कारण सांबाचं मूळ धोरण तेच आहे.

घरात मॅक असेल तर वरच्या [ग्लोबल] भागात आणखी एक ओळ घाला:

व्हीएफएस ऑब्जेक्ट्स = कॅटिया फ्रूट स्ट्रीम्स_एक्सॲटर

क्रम हाच ठेवा. मॅक प्रत्येक फाइलसोबत टॅग, रंग अशी जादा माहिती जपतो. या ओळीमुळे ती माहिती टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या जोडफाइलींत न सांडता मूळ फाइललाच चिकटून राहते. ही ओळ पहिल्या दिवशीच घाला. वर्षभर फाइली साठल्यावर घातली तर जुन्या फाइलींची जादा माहिती एका पद्धतीत आणि नव्यांची दुसऱ्या पद्धतीत राहते.

फाइंडर, म्हणजे मॅकचं फाइली दाखवणारं ॲप, आपल्या .डीएस_स्टोअर फाइली प्रत्येक फोल्डरमध्ये टाकत जातो. त्या नको असतील तर [घर] मध्ये ‘व्हेटो फाइल्स = /.डीएस_स्टोअर/’ लिहा आणि त्याखाली ‘डिलीट व्हेटो फाइल्स = येस’ हेही लिहा. दुसरी ओळ नसेल, तर आधी पडून असलेली लपलेली फाइल आत राहते आणि रिकामं दिसणारं फोल्डर पुसलं जात नाही.

शेवटी ‘टेस्टपार्म’ चालवा. चुकीचं नाव लिहिलेलं असेल तर ते सांगतं. मग:

सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट एसएमबीडी
सुडो यूएफडब्ल्यू अलाउ सांबा

फेडोरावर दोन गोष्टी वेगळ्या. सर्व्हिसचं नाव एसएमबीडी नसून एसएमबी आहे, आणि फायरवॉलडी या तिथल्या फायरवॉलमध्ये सांबा सर्व्हिसला कायमची परवानगी द्यावी लागते. त्याहून मोठी अडचण एसईलिनक्स या जादा सुरक्षाव्यवस्थेची. फोल्डरला सांबा_शेअर_टी हे लेबल लावलं नाही, तर परवानग्या सगळ्या बरोबर असूनही फोल्डर उघडत नाही. सेमॅनेज एफकॉन्टेक्स्टने लेबल नोंदवा आणि रीस्टोअरकॉन -आर चालवून ते लावा. इथला आरही कॅपिटल. एसईलिनक्स बंद करू नका.

विंडोज सर्व्हर असेल तर

सेटिंग्जमध्ये नेटवर्कचा प्रकार प्रायव्हेट आहे का ते आधी बघा. पब्लिक असेल तर फायरवॉल शेअरिंग अडवते. मग ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये फाइल अँड प्रिंटर शेअरिंग आणि नेटवर्क डिस्कव्हरी चालू करा. पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग चालूच राहू द्या.

खात्यांचा घोळ विंडोजवर सगळ्यात जास्त होतो. तुम्ही पिन टाकून लॉगिन करता, पण पिन त्या एका मशीनपुरता असतो, नेटवर्कवर तो चालत नाही. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर नाव म्हणून पूर्ण ईमेल आणि त्या खात्याचा खरा पासवर्ड लागतो. लोकल खात्याला पासवर्डच नसेल तर विंडोज नेटवर्कवरून त्याला आत घेत नाही. यातून सुटायचा सरळ मार्ग म्हणजे शेअरिंगसाठी वेगळी लोकल खाती. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि लिहा:

नेट युजर आई * /ॲड

तो पासवर्ड विचारेल. तसाच प्रत्येकासाठी एक. त्यानंतर फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग टॅब, ॲडव्हान्स्ड शेअरिंग. ‘शेअर धिस फोल्डर’ वर खूण करा, परमिशन्समध्ये एव्हरीवन काढून ही खाती घाला आणि चेंज व रीड द्या. काम इथे संपत नाही. शेजारच्या सिक्युरिटी टॅबमध्येही त्याच खात्यांना मॉडिफाय द्यावं लागतं. विंडोज दोन्ही याद्या बघतं आणि त्यांतली जी जास्त कडक ती लागू करतं. फोल्डर दिसतं, उघडतं, पण फाइल ठेवता येत नाही, असं झालं तर बहुधा सिक्युरिटी टॅब राहिलेला असतो.

पॉवर सेटिंगमध्ये, चार्जिंगला असताना मशीन झोपू नये असं ठेवा.

मॅक सर्व्हर असेल तर

सिस्टम सेटिंग्ज, जनरल, शेअरिंग, फाइल शेअरिंग. बाजूच्या माहितीच्या खुणेवर दाबून फोल्डर आणि युजर घाला. मग ऑप्शन्स उघडून एसएमबी चालू आहे का बघा आणि ‘विंडोज फाइल शेअरिंग’ या यादीत त्या युजरच्या नावावर खूण करून पासवर्ड द्या. विंडोजमधून जोडताना पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जात असेल तर ही खूण राहिलेली असते. बाकी मॅकवर फारसं काही अडत नाही.

बाकीच्या मशीनवरून जोडणं

विंडोजवर एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत \\१९२.१६८.१.१०\घर टाका. कायमचं हवं असेल तर धिस पीसीमध्ये मॅप नेटवर्क ड्राइव्ह निवडा, झेडसारखं एखादं अक्षर द्या आणि ‘रीकनेक्ट ॲट साइन-इन’ व ‘कनेक्ट युजिंग डिफरंट क्रेडेन्शियल्स’ या दोन्ही खुणा करा. दुसरी खूण नसेल तर विंडोज आधी तुमचं विंडोजचंच नाव पाठवून बघतं.

एका सर्व्हरला एका वेळी दोन नावांनी जोडायला विंडोज देत नाही. आधी चुकीच्या नावाने जोडणी झाली असेल तर बरोबर नाव टाकूनही १२१९ क्रमांकाची एरर येते. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेट यूज * /डिलीट’ चालवा, क्रेडेन्शियल मॅनेजरमधली त्या सर्व्हरची जुनी नोंद काढा आणि पुन्हा जोडा. तेवढ्यानेही हटलं नाही तर लॉगआउट करून परत या.

मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबा, एसएमबी://१९२.१६८.१.१०/घर लिहा, पासवर्ड कीचेन या मॅकच्या पासवर्ड-साठ्यात ठेवा. लॉगिन झाल्याबरोबर आपोआप जोडलं जावं असं वाटत असेल तर जोडलेलं फोल्डर लॉगिन आयटम्समध्ये घाला.

लिनक्सच्या फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एल दाबून तोच पत्ता चालतो. रोजच्या वापराला मात्र /ईटीसी/एफएसटॅब ही आपोआप जोडायच्या डिस्कची यादी असलेली फाइल बरी, कारण मग प्रत्येक प्रोग्रॅमला ते साधं फोल्डर म्हणून दिसतं. सीआयएफएस-युटिल्स हे पॅकेज टाका, /एमएनटी/घर हे रिकामं फोल्डर बनवा आणि ही एक ओळ लिहा:

//१९२.१६८.१.१०/घर /एमएनटी/घर सीआयएफएस क्रेडेन्शियल्स=/ईटीसी/घर-पासवर्ड,यूआयडी=१०००,जीआयडी=१०००,आयओचारसेट=यूटीएफ८,नोफेल,एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट ० ०

पासवर्डच्या फाइलमध्ये दोनच ओळी असतात, युजरनेम= आणि पासवर्ड=. तिला सीएचमॉड ६०० करा, म्हणजे रूट या मुख्य खात्याशिवाय कुणाला वाचता येणार नाही. यूआयडी दिला नाही तर सगळ्या फाइली रूटच्या मालकीच्या दिसतात आणि लिहिता येत नाही. तुमचा क्रमांक १०००च आहे का ते ‘आयडी’ या कमांडने बघून घ्या. नोफेल नसेल तर सर्व्हर बंद असताना हे मशीन सुरू होताना अडकून बसतं.

आयफोन आणि आयपॅडवर २०१९ च्या आयओएस १३ पासून फाइल्स ॲपमध्येच ‘कनेक्ट टु सर्व्हर’ आहे. अँड्रॉइडवर एसएमबी समजणारा फाइल मॅनेजर टाकावा लागतो. फक्त व्हिडिओ बघायचे असतील तर व्हीएलसी पुरतं.

मराठी नावांच्या फाइली

फाइलींना मराठीत नावं द्यायला काहीच हरकत नाही, पण तीन ठिकाणी त्रास होतो आणि त्याची कारणं कुठे एकत्र सांगितलेली सापडत नाहीत.

पहिला लांबीचा. विंडोजचं एनटीएफएस नावाची लांबी चिन्हांत मोजतं आणि २५५ चिन्हांपर्यंत नाव चालतं. लिनक्सचं ईएक्सटी४ मात्र २५५ बाइट मोजतं, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हं धरली जातात. ‘प्रमाणपत्र’ हा शब्द डोळ्यांना पाच अक्षरांचा दिसतो. आत तो प, हलन्त, र, म, काना, ण, प, त, हलन्त, र अशी १० चिन्हं, म्हणजे ३० बाइट आहे. त्यामुळे लिनक्स सर्व्हरवर मराठी नाव जेमतेम ८५ चिन्हांचं असू शकतं. बातमीच्या मथळ्यासकट जतन केलेलं एखादं पान विंडोजवर सुखाने राहतं आणि सर्व्हरवर कॉपी करताना नाव लांब असल्याची एरर देतं. नाव छोटं करा, दुसरा इलाज नाही.

दुसरा त्रास ‘ऱ’ चा. ‘दुसऱ्या’, ‘बऱ्याच’ यांतलं हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं: एकच स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा र आणि त्यापुढे नुक्ता (अक्षराखालचा टिंब) म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्क नावं तोडून, म्हणजे दुसऱ्या प्रकाराने साठवतात. लिनक्स नावातले बाइट जसेच्या तसे बघतं, त्याला ही दोन वेगळी नावं वाटतात. जुन्या मॅकच्या डिस्कवरून आरसिंक किंवा टार या कॉपी करायच्या साधनांनी फाइली सर्व्हरवर आणल्या की एकाच फोल्डरमध्ये ‘दुसऱ्या सहामाहीचा निकाल’ या हुबेहूब नावाच्या दोन फाइली दिसू शकतात, किंवा समोर दिसणारी फाइल शोधून सापडत नाही. कॉनव्हएमव्ही हे छोटं साधन यावरचा उपाय आहे:

कॉनव्हएमव्ही -आर -एफ यूटीएफ८ -टी यूटीएफ८ --एनएफसी /एसआरव्ही/घर

सगळी अक्षरं छोटी. ही कमांड फक्त काय बदलेल ते दाखवते. यादी नीट वाचा, पटली तर शेवटी --नोटेस्ट जोडून पुन्हा चालवा.

तिसरा, चिन्हांचा. अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारा, दुहेरी अवतरण, उभी रेघ, कोनी कंस आणि उलटी तिरपी रेघ ही चिन्हं विंडोजला नावात चालत नाहीत. नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागा हेही नाही. लिनक्सवर बनवलेली ‘पावती: मार्च’ ही फाइल विंडोजवरून बघितली तर तिथे टिल्डचं (~) चिन्ह असलेलं भलतंच आखूड नाव दिसू शकतं. फाइल शाबूत असते, नाव तेवढं सांबाने तात्पुरतं बदलून दाखवलेलं असतं.

जोडलं जात नाही तेव्हा

क्रम मोडू नका: आधी पोहोच, मग नाव, मग ओळख, शेवटी परवानगी.

पोहोच तपासायला पिंग या मशीन जागं आहे का विचारणाऱ्या कमांडवर विसंबू नका, विंडोजची फायरवॉल अनेकदा त्याला उत्तरच देत नाही. एसएमबी टीसीपीच्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कवरच्या दारावर चालतं, तेव्हा तोच पोर्ट तपासा. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये:

टेस्ट-नेटकनेक्शन १९२.१६८.१.१० -पोर्ट ४४५

मॅक आणि लिनक्सवर ‘एनसी -व्हीझेड १९२.१६८.१.१० ४४५’. उत्तर नाही आलं तर पासवर्डशी खेळण्यात अर्थ नाही. सर्व्हर झोपलाय का, फायरवॉल, गेस्ट वाय-फाय, आणि या मशीनवर व्हीपीएन चालू आहे का, एवढंच बघा.

आयपी पत्त्याने फोल्डर उघडतं पण नेटवर्कच्या यादीत सर्व्हर दिसत नाही, याचा अर्थ शेअरिंग बरोबर आहे, फक्त शोध लागत नाही. विंडोज १० आणि ११ यासाठी डब्ल्यूएस-डिस्कव्हरी ही मशीन शोधायची पद्धत वापरतात आणि सांबा स्वतः ते बोलत नाही. लिनक्स सर्व्हरवर डब्ल्यूएसडीडी हे पॅकेज टाकलं की सर्व्हर विंडोजच्या यादीत येतो. मॅकसाठी लिनक्स सर्व्हरवर अवाही हे पॅकेज लागतं, मग नावापुढे .लोकल लावून जोडता येतं. खरं तर घरात एकच सर्व्हर असेल तर यादीच्या मागे लागूच नये. पत्ता एकदा मॅप केला की काम झालं.

पासवर्ड नाकारला जात असेल तर नावाच्या आधी सर्व्हरचं नाव लावून बघा: सर्व्हर\आई. सर्व्हर लिनक्स असेल तर त्याच मशीनवर ‘एसएमबीक्लायंट -एल लोकलहोस्ट -यू आई’ चालवा, इथले एल आणि यू कॅपिटल. तिथे आत जाता आलं तर दोष समोरच्या मशीनवर साठवलेल्या जुन्या पासवर्डात आहे.

विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटनंतर पुष्कळ घरांतली जुनी शेअर अचानक बंद पडली. त्या आवृत्तीत प्रो एडिशनवरही बिनपासवर्डची गेस्ट जोडणी मुळातच बंद आहे, आणि एसएमबी सायनिंग, म्हणजे प्रत्येक निरोपावर डिजिटल सही, सक्तीचं झालं आहे. इंटरनेटवर या सक्ती काढायच्या युक्त्या भरपूर मिळतात. त्या करू नका. सर्व्हरवर खरं खातं आणि पासवर्ड ठेवला की दोन्ही अडचणी आपोआप सुटतात, कारण अलीकडच्या सांबाला सायनिंग येतंच.

काही जुन्या राउटरच्या यूएसबी पोर्टला लावलेली डिस्क फक्त एसएमबी १ या पहिल्या आवृत्तीतच बोलते. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच आवृत्तीतल्या खिंडारातून शिरला होता. त्याच वर्षाच्या शेवटाकडे विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या मशीनवरून एसएमबी १ काढायला सुरुवात झाली, सांबाने २०१९ मध्ये ४.११ पासून ते मूळ सेटिंगमध्येच बंद ठेवलं. ती डिस्क काढून एखाद्या मशीनला लावा. एका डिस्कसाठी सगळ्या घरात एसएमबी १ उघडणं योग्य नाही.

वेग

१०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला ११-१२ एमबी आणि गिगाबिटवर साधारण ११० एमबी, हे व्यवहारातले आकडे. कॉपी अगदी स्थिर ११-१२ वर चालत असेल आणि दोन्हीकडे गिगाबिट कार्ड असेल, तर केबल बदला. गिगाबिटला आठही तारा लागतात. एखादी तुटलेली किंवा मुळात चारच तारा असलेली केबल गुपचूप १०० वर उतरते आणि बाकी सगळं नीट चालत राहतं, म्हणून ते लक्षात येत नाही. दोन्ही मशीन एकाच वाय-फायवर असतील तर प्रत्येक बाइट हवेतून दोनदा जातो, एकदा राउटरपर्यंत आणि एकदा तिथून पुढे. सर्व्हर केबलवर घेतला की लगेच फरक पडतो. हजारो छोटे फोटो मात्र कशावरही सावकाशच जातात, कारण प्रत्येक फाइलसाठी उघडणं, लिहिणं, बंद करणं असे निरोप स्वतंत्रपणे होतात. एकदाच न्यायचे असतील तर एक झिप करून न्या.

पुसलेलं परत येत नाही

नेटवर्कवरच्या फोल्डरमधून पुसलेली फाइल रीसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. सांबावर यासाठी रीसायकल नावाचं मॉड्यूल आहे. [घर] मध्ये लिहा:

व्हीएफएस ऑब्जेक्ट्स = रीसायकल कॅटिया फ्रूट स्ट्रीम्स_एक्सॲटर
रीसायकल:रिपॉझिटरी = .कचरा
रीसायकल:कीपट्री = येस
रीसायकल:व्हर्जन्स = येस

पहिल्या ओळीत मॅकची तिन्ही नावं पुन्हा लिहिली आहेत, कारण शेअरमधली व्हीएफएसची ओळ [ग्लोबल] मधल्या ओळीत भर घालत नाही, तिची जागा घेते. नुसतं ‘रीसायकल’ लिहिलं तर या शेअरपुरती मॅकची सोय गुपचूप बंद पडते. कचऱ्याचं फोल्डर आपोआप रिकामं होत नाही, तेव्हा अधूनमधून जुनं काढून टाका.

हे मॉड्यूल म्हणजे बॅकअप नव्हे. एखाद्या लॅपटॉपमध्ये रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, शिरलं तर मॅप केलेल्या झेड ड्राइव्हवरच्या फाइलीही ते त्याच परवानगीने कुलूपबंद करतं. सर्व्हरला आठवड्यातून एकदा बाहेरची डिस्क लावून प्रत काढा आणि डिस्क काढून ठेवा. फोटो आणि कागदपत्रांसाठी फक्त वाचता येईल असं वेगळं शेअर केलं तर आणखी चांगलं: तोच सांगाडा, ‘रीड ओन्ली = येस’, आणि ‘राइट लिस्ट’ मध्ये एकाच व्यक्तीचं नाव.

बाहेरगावाहून या फाइली हव्या असतील तर राउटरवर ४४५ पोर्ट फॉरवर्ड करू नका, म्हणजे तो इंटरनेटला उघडा करू नका. इंटरनेटवर हा पोर्ट उघडा दिसला की आपोआप चाळणारे प्रोग्रॅम त्यावर तुटून पडतात, आणि काही इंटरनेट कंपन्या तो मुळातच अडवतात. राउटरमध्ये वायरगार्ड या व्हीपीएनची (घराबाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायचा सुरक्षित बोगदा) सोय असेल तर ती वापरा, नसेल तर सर्व्हरवर टाका. व्हीपीएनने घरच्या नेटवर्कमध्ये आलात की १९२.१६८.१.१० हाच पत्ता चालतो.